इंग्रजी भाषेचे वर्तमान आणि भवितव्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोइमतूर येथे योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून इंग्रजी भाषेविषयी बोलावे, ही कल्पना माझी नव्हे. कार्यवाहांनी हा विषय सुचविला तेव्हा मी त्यांना म्हणालो की, हे लग्नघरी जाऊन शेजारच्या घरातल्या कार्याचे वर्णन करण्यासारखे होईल. त्यावर ते म्हणाले, "सर, मराठीच्या थोरवीवर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. इंग्रजीविषयी मराठीत बोलणारा मात्र कोणी मिळत नाही." या उत्तरापुढे माझा इलाज चालला नाही. येथील एका महाविद्यालयात मी चौतीस वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. माझ्या घरातील चूल त्या भाषेवर पेटली, तेव्हा तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार नसला तरी तिच्याविषयी कृतज्ञता बाळगण्याचे कर्तव्य मला आहेच. आज मी जे काही बोलणार आहे त्यात कोठे कठोर शब्द आला, तर तो या कृतज्ञतेच्या पोटातूनच आला आहे असे आपण समजावे.

आरंभी एक जुनी आठवण सांगतो. १९७८ साली मी या गावी आलो तेव्हा माझ्याजवळ इंग्रजीची एम. ए. ची पदवी होती आणि तमिळचा एक शब्दही नव्हता. भाड्याने घर पाहिजे होते. घरमालकिणीला इंग्रजी येत नव्हते, आणि मला जे इंग्रजी येत होते त्याचा त्या गल्लीत कवडीइतकाही उपयोग नव्हता. शेवटी ज्यांनी मला घर मिळवून दिले ते आपल्यातलेच एक गृहस्थ होते. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून गलाईच्या धंद्यासाठी ते येथे आले होते. शाळा चौथीनंतर सुटलेली, पण सराफांच्या गल्लीत दहा वर्षे काढल्यामुळे तमिळ अशी बोलत की मालकीण त्यांना मदुरेकडचे समजली. 'अॅडव्हान्स'ची रक्कम त्यांनी घासाघीस करून निम्म्यावर आणली. मी बाजूला पदवी घेऊन उभा होतो. पुढे त्यांची माझी घरोब्याची मैत्री झाली आणि त्यांनी आपल्या मुलाला माझ्याकडे इंग्रजी शिकायला धाडले. फी विचारली तेव्हा मी म्हणालो, "घर मिळवून दिलेत, आता फी कसली!" जगाची भाषा आणि गल्लीची भाषा यांतला फरक मी पुस्तकांतून पुढे पुष्कळ वाचला, परंतु त्याचा पहिला धडा मला त्या ओसरीवर मिळाला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. इंग्रजी ही आज जागतिक भाषा आहे, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ काय हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी, म्हणजे १६००च्या सुमारास, ही भाषा बोलणारे जगात पन्नास-साठ लाखांच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज ती कमीअधिक प्रमाणात जाणणारे सुमारे दीडशे कोटी मानले जातात. परंतु या दीडशे कोटींत आईच्या मांडीवर ती शिकलेले चाळीस कोटींच्याही आतच आहेत. चार इंग्रजी जाणणाऱ्यांपैकी तिघे ती शाळेत, कचेरीत किंवा बाजारात शिकलेले आहेत. श्रीनगरात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली या स्थितीचे वर्णन करण्यासाठी तीन वर्तुळे कल्पिली. आतील वर्तुळात इंग्लंड-अमेरिकादी मायभूमी, मधल्या वर्तुळात भारत, नायजेरिया यांसारखे एके काळचे अंकित देश, आणि बाहेरच्या विस्तारत्या वर्तुळात चीन, जपान, रशियासारखे देश, जेथे ती केवळ परकी भाषा म्हणून शिकली जाते. नकाशा सोयीचा आहे. मात्र त्यातील वजन आतून बाहेर सरकत गेले आहे, ही गोष्ट तो काढला गेल्यानंतर अधिकाधिक स्पष्ट झाली.

आपल्या देशापुरते पाहू. २०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदविणारे सगळ्या भारतात सुमारे दोन लाख साठ हजार निघाले. एखाद्या मध्यम शहराची ही वस्ती. तीच भाषा दुसरी भाषा म्हणून सांगणारे आठ कोटी एकतीस लाख, आणि तिसरी म्हणून सांगणारे आणखी साडेचार कोटींवर. योगायोग असा की, त्याच जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. म्हणजे भारतात जितके लोक घरात मराठी बोलतात, जवळजवळ तितकेच लोक इंग्रजी दुसरी भाषा म्हणून वापरतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले प्रथम पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. एक आकडा घरांचा होता, दुसरा गरजेचा.

ही गरज निर्माण कशी झाली? इंग्रजी सोपी आहे म्हणून ती पसरली, असे म्हणणारे लोक भेटतात. ज्याने तिचे शुद्धलेखन पाचवीच्या मुलांना शिकविले आहे तो असे कधी म्हणणार नाही. तिचे साहित्य श्रेष्ठ आहे म्हणून ती पसरली, असे आम्ही प्राध्यापक म्हणतो, कारण आम्हाला ते म्हणणे बरे वाटते. वस्तुतः भाषेच्या गुणांचा तिच्या प्रसाराशी संबंध फार थोडा असतो. न्यूटनने आपला महान ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्ये लिहिला आणि प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली इंग्रजीत. त्या सतरा वर्षांत इंग्रजी काही अधिक गुणवान झाली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याला रसायनशास्त्रात नाव काढावयाचे असे त्याला जर्मन वाचता आल्यावाचून गत्यंतर नव्हते. राजनीतीची भाषा फ्रेंच होती, आणि १९१९च्या व्हर्सायच्या तहात इंग्रजी मजकुराला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळाले तेव्हा त्या मक्तेदारीला तडा गेला. दोन महायुद्धांनी जर्मनीची प्रयोगशाळा मोडली, शास्त्रज्ञांना समुद्रापार पळविले, आणि पैसा व विद्यापीठे अमेरिकेत एकवटली. ब्रिटिश साम्राज्य ओसरू लागले त्याच वेळी दुसरी इंग्रजीभाषी सत्ता वर आली. एका भाषेच्या दोन सत्ता लागोपाठ याव्यात, हा त्या भाषेचा पराक्रम नव्हे. तो तिचा पत्रिकेतला योग म्हणावा.

आपल्याकडे ती राहिली याचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते आपण ज्या राज्यात बसलो आहोत तेथे अधिक चांगले समजते. घटनेने इंग्रजीला केंद्राच्या कारभारात पंधरा वर्षांची मुदत दिली होती. ती २६ जानेवारी १९६५ रोजी संपावयाची होती. त्या दिवसांत तेव्हाच्या मद्रास राज्यात काय झाले हे आपल्यातील वयोवृद्ध मंडळींनी येथील शेजाऱ्यांकडून ऐकले असेल. विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आत्मदहने झाली. १९६३चा राजभाषा कायदा आधीच झाला होता. १९६७ साली तो दुरुस्त करण्यात आला आणि हिंदी न स्वीकारलेल्या सर्व राज्यांची विधिमंडळे ठराव करीपर्यंत इंग्रजी चालू राहील अशी तजवीज झाली. म्हणजे ज्यांनी ती आणली ते गेल्यावर, ती कोणाचीच नाही या एका गुणावर ती राहिली. मराठी माणसाला तमिळनाडूत आणि तमिळ माणसाला पुण्यात ती सारखीच परकी, म्हणून सारखीच सोयीची. सर्वांना सारखीच, हे मात्र खरे नव्हे. ज्याच्या बापाला फी भरता आली त्याला ती जवळची, आणि इतरांना ती दूरचीच राहिली. याविषयी बोलू लागलो तर संध्याकाळ पुरणार नाही.

असो. भवितव्याचा विचार करताना मागे वळून पाहण्याची माझी खोड आहे, कारण पुढचे कोणालाच दिसत नाही. या देशात इंग्रजीच्या आधी अशीच एक सर्वांची आणि कोणाचीच नसलेली भाषा होती. ती फारसी. सरकार, कागद, वकील, जमीन, बाजार, हुशार हे शब्द आपण उच्चारतो तेव्हा ती आपल्या तोंडून बोलत असते. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्यांना मुख्य प्रधान, मुजुमदारांना अमात्य, सुरनिसांना सचिव, सरनौबतांना सेनापती केले आणि राजव्यवहारकोश करविला. त्या कोशाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते रघुनाथपंत हणमंते हे याच दक्षिण प्रांती, व्यंकोजीराजांच्या दरबारी कारभारी होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पुढे काय झाले? सचिव आणि अमात्य कागदोपत्री राहिले, परंतु 'मुख्य प्रधान' काही लोकांच्या जिभेवर बसला नाही. पेशवे पेशवेच राहिले, आणि त्यांच्याच नावाने आपल्या इतिहासाचे एक युग ओळखले जाते. भाषेला फर्मान कळते, पण ती ते अर्धेच पाळते.

फारसीचे हे बळ अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होते. राजा राममोहन रॉय यांच्यासारख्या पुढे इंग्रजी विद्येचा कैवार घेणाऱ्या पुरुषाने आपली पहिली पुस्तिका फारसीत लिहिली आणि १८२२ साली फारसीत वृत्तपत्रही काढले. मेकॉलेचे टिपण १८३५ सालचे. १८३७च्या कायद्याने कचेऱ्यांतून फारसी काढून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला. एखाद्या घरातील आजोबा ज्या भाषेच्या जोरावर दिवाणगिरी करीत होते, तिचा नातवाला नोकरीसाठी उपयोग उरला नाही. आपल्याकडे पारसनीस हे आडनाव राहिले आणि फारसी गेली. सहाशे वर्षे ज्या भाषेने हा देश चालविला ती दोन पिढ्यांत अशी नाहीशी होईल, हे १८०० साली सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. इंग्रजीचे असेच होईल असे भाकीत मी करीत नाही. पण असे कधी होतच नाही, हेही कोणी मला सांगू नये.

आणि आपण तरी या खेळात नेहमी दुबळ्या बाजूलाच होतो काय? येथून तंजावर फार दूर नाही. आपल्यातील बहुतेकांनी ते देऊळ पाहिले असेल. बृहदीश्वराच्या त्या विशाल मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. सभोवार चोळांचे तमिळ लेख आणि त्यांच्या शेजारी ही देवनागरी अक्षरे. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे तेथे स्थिर झाले तेव्हापासून १८५५ साली संस्थान खालसा होईपर्यंत त्या तमिळ मुलखात मराठी ही दरबारची भाषा होती. म्हणजे कावेरीकाठच्या कुळवाड्याच्या दृष्टीने इंग्रजी आज जी आहे, तीच मराठी होती. सरकारची भाषा, अर्ज लिहून घेण्यासाठी ज्याच्यापुढे हात जोडावे लागतात त्याची भाषा. हे आठवले म्हणजे परभाषेच्या जुलमाविषयी बोलताना आवाज थोडा खाली आणावासा वाटतो.

परंतु तंजावरने मला दुसरीही गोष्ट शिकविली, आणि आजच्या विषयात तीच मला महत्त्वाची वाटते. संस्थान गेले त्याबरोबर दरबारी मराठी संपली. तिची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात बासनांत बांधलेली आहेत आणि ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मात्र तंजावरी मराठी कुटुंबांच्या घरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात, ती भाषा राजाश्रयावाचून पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालत राहिली. तिच्यात तमिळ मिसळले, तिचे क्रियापद आपल्या कानाला वाकडे वाटते, पुण्याचा माणूस ती ऐकून हसतो. हसू द्या. त्या लोकांना तमिळ यावी लागली, इंग्रजी यावी लागली, आणि तरी काही घरांतून ती बोलली जाते. याच कोइमतूर भागात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घराणी शतकानुशतके राहत आहेत. बाहेर तमिळ, घरी आपली. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या भाषेची लिपीही येत नाही. भाषा राजाच्या हुकुमाने वाढते खरी, पण हुकुमावाचून टिकतेही. फक्त घरी ती दुसरीकडून उसनी आणता येत नाही.

सरफोजीराजांचीच आणखी एक गोष्ट. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते वाढले, इंग्रजी उत्तम शिकले, आणि त्यांनी तंजावरात छापखाना काढून इसापनीतीचे इंग्रजीवरून मराठी भाषांतर छापविले. हे १८०६च्या सुमाराचे. पेशवाई अजून उभी होती आणि देवनागरीतले छापील मराठी पुस्तक निघत होते ते तंजावरात! पुढे १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेही एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असे. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे श्रेय आपण ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांना देतो, त्यांनी ते दूध पिऊन १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली ती मराठीत. त्या पिढीने इंग्रजी आमच्याहून चांगली शिकली, परंतु तिला घराच्या दारात उभे केले. दिवाणखान्यात बसविले, हवे तर असे म्हणा. माजघरात तिला नेले ते नंतरच्यांनी. त्या नंतरच्यांत मीही आहे. त्याविषयी शेवटी बोलेन.

आता वर्तमानातील एक भयंकर प्रसंग. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरी येथे आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. एक सौदी विमान वर चढत होते, दुसरे कझाक विमान खाली उतरत होते. कझाक विमानाने १५ हजार फुटांच्या खाली यावयाचे नव्हते, परंतु ते आले. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत त्या विमानातील चालकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे एक होते. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम केला, आणि तो २००८पासून लागू झाला, की आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांनी आणि नियंत्रकांनी इंग्रजी संभाषणाच्या सहा पायऱ्यांपैकी निदान चौथी गाठलेली असावी. या नियमासोबतच्या मार्गदर्शनात मला एक गोष्ट फार बोलकी वाटली. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तेथे सांगितलेले आहे की, तुमचे वाक्प्रचार घरी ठेवा, सावकाश बोला, ठरलेले शब्द वापरा. ही इंग्रजी लंडनच्या मालकीची राहिलेली नाही. तेथील माणसालाही ती पुन्हा शिकावी लागते.

माझ्या मते इंग्रजीचे भवितव्य येथे आहे. ती जगाची दुसरी भाषा आहे, आणि दुसरी आहे म्हणूनच जगाची आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यानंतर त्या संघात इंग्रजी ही आपली अधिकृत भाषा म्हणून कळविलेला एकही देश उरला नाही, कारण आयर्लंडने आयरिश कळविली होती आणि माल्टाने माल्टीज. तरी तेथील कारभार इंग्रजीत चालतो. पाहुणा निघून गेला आणि त्याची छत्री सगळे घर वापरीत आहे! रवांडाने २००८ साली फ्रेंच सोडून शाळांतून इंग्रजी धरली. अल्जीरियाने २०२२पासून प्राथमिक शाळांत इंग्रजी आणली. या देशांना शेक्सपिअर वाचावयाचा नाही. त्यांना व्यापार करावयाचा आहे, आणि जुन्या फ्रेंच भाषेच्या सावलीतूनही बाहेर पडावयाचे आहे.

परंतु दुसरी भाषा पहिलीची जागा घेऊ लागते तेव्हा काय होते हे पाहावयाचे असेल तर सिंगापूरकडे पाहावे. तेथे इंग्रजी शाळेची भाषा आणि चिनी, मलाय, तमिळ या घरच्या भाषा, अशी सरकारने विचारपूर्वक वाटणी केली होती. १९८७पासून सर्व शाळांत इंग्रजी हीच पहिली भाषा झाली. २०२०च्या जनगणनेत घरात मुख्यतः इंग्रजी बोलणारे शेकडा ४८ निघाले, आणि ती तेथील घराघरांतील सर्वांत मोठी भाषा ठरली. तमिळ ही त्या देशाची अधिकृत भाषा आहे, शाळेत शिकविली जाते, तिला नभोवाणी आहे, दूरदर्शन आहे. तरी घरात ती मुख्यतः बोलणारे शेकडा अडीच राहिले, दहा वर्षांपूर्वी ते शेकडा ३.३ होते. ज्या भाषेसाठी येथे माणसांनी प्राण दिले, तिची तेथे ही गत कोणत्याही जुलमावाचून झाली. आईबापांनी मुलांच्या कल्याणासाठी ती केली.

कल्याण खरेच होते का, हाही प्रश्न आहे. डेव्हिड ग्रॅडॉल या अभ्यासकाने २००६ साली लिहिले की, इंग्रजी जसजशी सर्वांना येऊ लागेल तसतसा तिचा विशेष लाभ कमी होईल आणि केवळ इंग्रजीच येणारा माणूस मागे पडेल. आपल्यातील ज्येष्ठांना टंकलेखन आणि लघुलेखनाच्या प्रमाणपत्रांचे दिवस आठवत असतील. त्या एका कागदावर मुंबईत नोकरी मिळे. आज ते प्रमाणपत्र कोण विचारतो? टंकलेखन गेले नाही. उलट, ते सर्वांच्या हाती आले आणि म्हणून त्याची किंमत गेली. इंग्रजीचे पुष्कळ अंशी असेच होईल असे मला वाटते.

राहिला यंत्राचा प्रश्न. निकोलस ऑस्लर यांनी २०१० साली असा तर्क मांडला की, इंग्रजी ही जगाची शेवटची संपर्कभाषा ठरेल, कारण तिच्यानंतर दुसरी भाषा येणार नाही, यंत्र येईल. तेव्हा हा तर्क मला विनोदी वाटला होता. २०१६पासून भाषांतराची यंत्रे एकदम सुधारली, आपल्या सरकारनेही २०२२ साली 'भाषिणी' नावाची योजना आणली, आणि आज माझ्या हातातल्या फोनला मी मराठीत विचारले तर तो तमिळमध्ये रिक्षावाल्याशी बोलतो. माझ्या घरमालकिणीच्या ओसरीवर हे यंत्र असते तर मला गलाईवाल्या मित्राची गरज पडली नसती, आणि तो मित्रही मिळाला नसता. व्यवहारापुरत्या इंग्रजीचा भार हे यंत्र पुष्कळ हलका करील. मात्र ते ज्या मजकुरावर पोसले जाते त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. जी भाषा कमी लिहिली जाते तिची ते सेवाही कमी करते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, आपण पेढे वाटले. पण यंत्राला दर्जा समजत नाही.

मघाशी मी ज्याविषयी शेवटी बोलेन म्हटले ते आता सांगतो. माझा मुलगा १९८३ साली येथेच जन्मला. घरी त्याच्याशी इंग्रजीत बोलावयाचे, हे मी ठरविले. पत्नीचा विरोध होता. मी तिला म्हणालो की, बाहेर तमिळ आहेच, मराठी काय, रक्तात असते. भाषाशास्त्राची पुस्तके वाचलेला माणूस हे वाक्य बोलला, याची मला आज लाज वाटते. मुलगा हुशार निघाला, शिकला, कॅनडात गेला, उत्तम आहे. इंग्रजीने त्याला जे द्यावयाचे ते सर्व दिले.

माझी आई सांगली जिल्ह्यात गावी राहत असे. तिला मराठीच येत होती. नातू सात वर्षांचा झाला तेव्हापासून ती त्याला आंतर्देशीय पत्रे लिहू लागली. ती मी वाचून त्याला इंग्रजीत सांगत असे, आणि तो इंग्रजीत जे बोले ते मी मराठीत लिहून पाठवीत असे. तेरा-चौदा वर्षे मी त्या दोघांचा दुभाषी होतो, आणि प्रामाणिक दुभाषी नव्हतो. आईने म्हशीच्या आजारपणाविषयी दोन बाजू लिहिल्या तर मी एका वाक्यात उरकीत असे. मुलाने "शाळा कंटाळवाणी आहे" म्हटले तर मी "अभ्यास चांगला चालला आहे" असे लिही. ती गावी आजारी पडली तेव्हा तो परीक्षेत होता, आणि पत्रात तिने त्याला भेटीला बोलावले होते. ते वाक्य मी त्याला वाचून दाखविले नाही. परीक्षा झाल्यावर सांगू, असे मी म्हणत राहिलो. ती २००४ साली वारली.

ती पत्रे पत्नीने जपून ठेवली होती. गेल्या वर्षी मुलगा आला तेव्हा त्याने तो गठ्ठा मागून नेला. तेथे तो रविवारी एकेक पत्र फोनसमोर धरतो आणि यंत्र त्याला त्याचे इंग्रजी करून देते. आईचे अक्षर वळणदार होते, त्यामुळे बहुतेक लागते. आज ना उद्या तो त्या शेवटच्या पत्रापाशी येईल, हे मला ठाऊक आहे. मी त्याला अजून काही बोललेलो नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. आवाज जरा दुखावलेला होता. त्याने विचारले, आजी मला पत्राच्या आरंभी फसव्या, लुच्चा असे का म्हणत असे? मी काय केले होते? मला काही उलगडेना. मी त्याला ते पत्र फोनवरच दाखवायला सांगितले. पहिल्याच ओळीत आईने लिहिले होते, 'लबाडा'.

मी त्याला समजावू लागलो की, हा शिव्यांतला शब्द खरा, पण आजीच्या तोंडी तो शिवीचा नसतो. लाडू पळविणाऱ्या मुलाच्या गालाला हात लावून तो म्हणावयाचा असतो. तो म्हणाला, मग इंग्रजीत याला काय म्हणतात? चौतीस वर्षे मी ती भाषा शिकविली. एक शब्द सुचला तो फार गोड होता, दुसरा फार थंड, तिसऱ्यात चोरीचा वास येत होता. अर्धा तास आम्ही बोलत होतो. अखेरीस तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तो शब्द नुसता म्हणून दाखवा, आजी म्हणायची तसा." मी म्हणून दाखविला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. 'ळ' त्याला येत नाही, पण या शब्दात सुदैवाने 'ळ' नाही.